बिल आमचं, कमिटी त्यांची!

मेसचं बिल आपण भरायचं आणि कमिटी मात्र बाहेरच्यांनी नेमायची, असं झालं तर हॉस्टेलमध्ये काय गोंधळ होईल! अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत पोलिसांच्या बाबतीत १९३९ पासून हेच चाललंय. पोलीस मंडळाच्या पाचपैकी चार सभासदांना मिसुरी राज्याचा गव्हर्नर नेमतो, पाचवा शहराचा महापौर. तेव्हा पेंडरगास्ट नावाच्या पुढाऱ्याने पोलीस खिशात घातले होते, म्हणून ही व्यवस्था, तेवढं मान्य. पण खर्च शहराचाच! सर्वसाधारण महसुलातला पोलिसांचा सक्तीचा वाटा २० टक्के होता, तो २०२२ च्या कायद्याने २५ टक्के केला. त्यासाठीची घटनादुरुस्ती २०२४ च्या फेरमतदानात मंजूर झाली, तीही राज्यभरच्या मतांनी. ज्यांच्या खिशाला चाट नाही, त्यांनी का ठरवावं? आपल्याकडेही पोलीस आयुक्त राज्य सरकारच नेमतं, पण निदान पगार तरी तेच देतं.