सायकलची वाट चढावर नव्हे, वर्दळीत अडते

पावसाळा ओसरला की गोव्याच्या रस्त्यांवर सायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. हौशी मंडळी पहाटे अंधारात निघतात आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परततात. किनाऱ्यापलीकडचा गोवा पाहुण्यांना दाखविण्याचे साधन म्हणूनही आता सायकलकडे पाहिले जाते. अशा वेळी कोणता मार्ग कोणाला झेपेल, हा प्रश्न केवळ हौशीपुरता उरत नाही. आपले रस्ते नेमके कोणासाठी आहेत, या मोठ्या प्रश्नाशी तो जोडला जातो.

भूगोलाने या मार्गांची प्रतवारी आधीच करून ठेवली आहे. नवशिक्यांसाठी मांडवीतील दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाडीला उतरले की खाजन शेतीतून जाणारा सपाट रस्ता लागतो. दमछाक करणारा चढ काय तो पिएदादच्या टेकडीवरील चर्चचा. तो टाळूनही बेट फिरता येते. थोडा सराव झालेल्याने बेटाच्या दुसऱ्या टोकाहून पुन्हा फेरीबोट धरून नार्वे गाठावे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवर होते. नार्वे येथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. देव ज्या वाटेने नदीपार गेला, ती वाट आज एका सकाळच्या फेरफटक्यात होते.

मध्यम तयारीच्या स्वारासाठी बेतुलहून काब द राम मार्गे आगोंदकडे जाणारा रस्ता उत्तम. जांभ्या दगडाच्या पठारावरील चढ-उतार पायांची परीक्षा घेतात. कसलेल्यांसाठी केरीहून सुरू होणारा चोर्ला घाट आहे; तो समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर नेतो.

परंतु ही प्रतवारी फक्त चढ मोजते. सासष्टीच्या किनाऱ्यालगतचा मजोर्डा ते मोबोर हा रस्ता जवळजवळ सपाट आहे. नकाशावर तो सोपा ठरेल. प्रत्यक्षात पर्यटन हंगामात भाड्याच्या गाड्या, बसगाड्या आणि अरुंद वळणे यांमुळे तेथे अनुभवी स्वारही बिचकतो. दिवाडी सोपी खरी, पण पर्वरीच्या रहिवाशाने तेथवर पोहोचायचे कसे? २०१९ साली खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही. उरतो तो जुना मांडवी पूल, जेथे सायकलला स्वतंत्र मार्गिका नाही. बेटावरील शांत रस्त्याइतकाच घरापासून धक्क्यापर्यंतचा रस्ताही मार्गाचाच भाग असतो, हे नियोजनात विसरले जाते.

त्याच २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा गोव्यात प्रथमच झाली. तिच्यातील ९० किलोमीटरच्या सायकल टप्प्यासाठी रस्त्यांवरील वाहतूक रोखण्यात आली. प्रशासनाने मनात आणले तर रस्ता सुरक्षित होतो, हे त्या दिवशी दिसले. ती सोय एका दिवसापुरती आणि निष्णात खेळाडूंपुरती राहिली, हे मात्र खटकते.

दुसरा धोका अतिउत्साहाचा आहे. सायकल मार्गाच्या नावाखाली खाजनांच्या बांधांवर काँक्रीट ओतण्याचा मोह टाळला पाहिजे. माती-दगडाचे हे बांध आणि त्यांतील मानशी भरतीचे खारे पाणी शेतात शिरू देत नाहीत. ज्या शेतीमुळे मार्ग रम्य झाला, तिचाच बळी देऊन मार्ग आखणे शहाणपणाचे नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक मार्गाच्या आरंभी अंतर व चढाबरोबर वर्दळीची वेळ सांगणारा फलक असावा. गावांतून जाणाऱ्या भागात वेगमर्यादा कसोशीने पाळली जावी. किनारी रस्त्याचा एखादा पट्टा रविवारी सकाळी मोटारींसाठी बंद ठेवून पाहावा. रस्त्याचे नूतनीकरण करताना कडेची पट्टी खड्डे आणि रेतीविना ठेवावी. जुन्या पुलावर सायकलला सुरक्षित जागा कशी देता येईल, याचा अभ्यास तर तातडीने व्हायला हवा.

चोर्ला घाट चढणारा स्वार धोका ओळखून निघालेला असतो. पण सायकलने शाळेला जाणारे मूल आणि पहाटे पाव घेऊन फिरणारा पोदेर यांना मार्ग निवडण्याची मुभा नसते. त्यांना जो रस्ता निर्धास्तपणे वापरता येईल, तोच खऱ्या अर्थाने सोपा म्हणावा.