आवडता आकडा

कोल्हापूरची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रो (स्पेक्ट्रोमीटर) नसलेल्या फौंड्रीला मोठा ग्राहक हल्ली दारात उभे करत नाही. मशीन आले, एसी खोली झाली, आरगॉनचे सिलिंडर लागले. पण पहिल्या स्पार्कला कार्बन जमला नाही की दुसरा मारायचा, तोही नाही जमला तर तिसरा, आणि पटेल तो आकडा टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) चढवायचा, ही खोड काही जात नाही.

यंत्राचे काम तसे जुनेच. ठिणगीत धातूची वाफ होऊन ती उजळते, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकते, ग्रेटिंग तो फाकवते आणि रेषेच्या तेजावरून टक्केवारी निघते. बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी 1859-60 मध्ये ही वाट दाखवली. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी आपल्या शेजारच्या जमखंडीतून सूर्यज्वाळांच्या रेषा पाहिल्या, त्याही याच रीतीने. त्यांना नमुना घासावा लागला नाही, एवढे त्यांचे सुख!

आपल्याला लागतो. तो तांब्याच्या साच्यात झटकन गोठून आरपार पांढरा झाला पाहिजे. ग्रॅफाइट सुटलेल्या काळ्या नमुन्यावर ठिणगी नीट बसत नाही आणि कार्बन दर स्पार्कला वेगळा येतो. दोष मात्र यंत्राच्या माथी. शंका आली तर नमुना फोडून बघा. कुपोलावरचे जुने मिस्त्री चिल पीस फोडून लोखंड ओळखत, तीच नजर इथे लागते. घासलेल्या तोंडाला बोट लावू नका, ओला नमुना स्टँडवर ठेवू नका. आरगॉनमध्ये तर चार पैसे वाचवायला मुळीच जाऊ नका. कार्बनची रेषा 193 नॅनोमीटरला, गंधकाची 181 च्या आसपास, फॉस्फरसची 178 ला. हा प्रकाश हवेतला ऑक्सिजन गिळतो. गॅस अशुद्ध असला की डाग पांढुरका, पसरट पडतो. चांगल्या डागाभोवती काळे कडे दिसते. डाग बिघडला तर स्पार्क जरूर बाद करा, आकडा आवडला नाही म्हणून नव्हे. दोन-तीन चांगल्या स्पार्कची सरासरी घ्या आणि बाद केलेलेही वहीत राहू द्या.

एसजी, म्हणजे गोल ग्रॅफाइटचे लोखंड ओतणाऱ्यांचे दुखणे वेगळे. मॅग्नेशियमच्या ट्रीटमेंटनंतर ते मिनिटागणिक उतरते. सुरुवातीला 0.045 टक्के दिसले म्हणून शेवटच्या साच्यात तेवढेच असेल, हे कुणी सांगितले? नमुना शेवटच्या साच्यावेळी लॅडलमध्ये उरलेल्या धातूचा हवा. रात्रपाळीला तो कोण घेतो आणि घासायला त्याला कुणी शिकवले, हे मालकांनी एकदा रात्री अकराला जाऊन बघावे.