आधी मूल पाहा, मग पुस्तक उघडा

कोयनानगरच्या आसपास वाड्यावस्त्यांवरच्या शाळा लहान असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली ते चौथी दोघांनी सांभाळायची. चौथीच्याच मुलांत एक गोष्टीचं पुस्तक सलग वाचतं, दुसरं जोडाक्षराला अडतं, तिसऱ्याला अजून काना-मात्रा लागत नाहीत. तिघांनाही आपण एकच पान उघडायला सांगतो. पहिलं कंटाळतं. तिसऱ्याला काहीच कळत नाही आणि ते गप्प बसायची सवय लावून घेतं. पुढे त्या गप्प बसण्यालाच आपण ‘ढ’ म्हणतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, पालकांनो, हे बदलता येतं. त्यासाठी जादा अनुदान लागत नाही, मुलाकडे बघण्याची रीत बदलावी लागते.

पहिलं काम जूनमध्येच करा. लेखी चाचणी नको. एकेका मुलाला जवळ बसवा आणि चार गोष्टी वाचायला द्या : काही अक्षरं, काही शब्द, एक छोटा परिच्छेद, एक गोष्ट. कुठवर वाचतं ते वहीत टिपा. अंकांचंही तसंच : संख्या ओळखणं, बेरीज, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. हे जास्तीचं काम नाही. शिक्षण हक्क कायद्याचं 24 वं कलम शिक्षकाच्या कर्तव्यांत हेच सांगतं : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहा आणि गरजेप्रमाणे जादा शिकवा.

मग गट करा, पण ते विषयापुरते. वाचनात मागे असलेलं मूल गणितात पुढे असू शकतं. गटांना हुशार, मध्यम, कच्चे अशी नावं कधीही देऊ नका. मुलांना ती लगेच कळतात आणि वर्षानुवर्षं चिकटतात. दर महिन्याला पुन्हा पाहा आणि मूल पुढे गेलं की त्याचा गट बदला. ज्या गटातून कोणी बाहेर पडत नाही, तिथे आपल्या शिकवण्यात काही चुकतंय असं समजा.

तीन गट म्हणजे तीन वेगळे धडे नव्हेत. विषय एकच ठेवा, काम वेगळं द्या. आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस आणि कोयना धरणातला साठा यांचे आकडे रोज पेपरात येतात. ते फळ्यावर लिहा. समजा, कोयनानगर 112 मिलिमीटर, नवजा 145, महाबळेश्वर 97. पहिल्या गटाने आकडे वाचायचे, काड्यांच्या दशक-गठ्ठ्यांनी मांडायचे आणि सर्वांत जास्त पाऊस कुठे ते सांगायचं. दुसऱ्या गटाने नवजाला कोयनानगरपेक्षा किती जास्त पडला ते काढायचं, उत्तर 33. तिसऱ्या गटाने तिन्हींची सरासरी काढायची. ती 118 येते. वरच्या इयत्तेची मुलं खोलीत असतील, तर धरणाची क्षमता 105.25 टीएमसी सांगा, आज साठा 68.40 आहे असं धरा आणि धरण भरायला किती कमी आहे ते विचारा. उत्तर 36.85. शेवटची दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवून आपापलं उत्तर समजावून सांगायला लावा. काड्या मांडणारं मूलही तेव्हा वर्गासमोर उभं राहतं, ही त्या तासाची खरी कमाई.

तुम्ही एका गटाजवळ असाल तेव्हा बाकीच्यांना स्वतःचं स्वतः करता येईल असं काम हवं : शब्दपट्ट्या, वाचनाची पुस्तकं, जोडीने सोडवायची उदाहरणं. पुढे गेलेल्या मुलाला थोडा वेळ दुसऱ्याला शिकवू द्या, पण दिवसभर त्याला मदतनीस करू नका. त्यालाही नवं काही मिळण्याचा हक्क आहे. कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्याजवळ बसवा, अक्षर मोठं काढा. लिहायला जड जातं त्याचं उत्तर तोंडी घ्या. ही दया नव्हे. दिव्यांग मुलांना इतरांसोबत, त्यांना लागतील त्या सोयींसह शिकवणं हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर टाकलेलं काम आहे.

हे पुस्तकी बोलणं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल जिथे होतं तिथून सुरुवात केली. आपल्याच सातारा जिल्ह्यात शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी वर्गाच्या फरशीवर आखणी केली आणि हाती साहित्य देऊन मुलांना आपापल्या गतीने शिकू दिलं. ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले.

पालकांना एवढंच सांगणं आहे. शेजारच्या पोराचे मार्क काढून आपल्या लेकराला टोचू नका. कितवा नंबर आला, हे विचारण्याऐवजी गुरुजींना किंवा बाईंना विचारा : मागच्या महिन्यात याला काय येत नव्हतं, जे आता येतंय? शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या जास्त असते. तिथे रंगरंगोटी आणि कुंपणाबरोबर हा प्रश्नही विषयपत्रिकेवर घ्या.

अभ्यासक्रम पुरा करायचा आहे हे खरं. पण पुस्तक संपलं आणि मूल मागेच राहिलं, तर अभ्यासक्रम पुरा झाला असं म्हणता येणार नाही. या आठवड्यात एक विषय घ्या, एका वर्गाची पाहणी करा आणि गट पाडून एक तास शिकवून बघा. सुरुवातीला एवढंच पुरे, पण ते याच आठवड्यात करा.