विद्यापीठाची दुर्बीण: दात्याची कृपा की जनतेचा हक्क?

विद्यापीठाच्या वेधशाळेला नवी दुर्बीण हवी असेल, तर तिचा खर्च कोणी करावा? प्रश्न लहान दिसतो. कारखाने बंद पडत असताना आणि शेतकरी कर्जात बुडालेला असताना तो कष्टकऱ्यांच्या पक्षाने हाती घ्यावा काय, अशी शंकाही काही सभासदांना येईल. परंतु ज्ञानाची साधने कोणाच्या मालकीची असावीत हा सवाल, उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची असावीत या सवालाचाच एक भाग आहे.

राज्यकर्त्यांचे उत्तर ठरलेले आहे. विद्यापीठाने दाता शोधावा, उद्योगपतींचे दार ठोठवावे, माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरावेत. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संमत केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनावर खर्च होणार, असा डांगोरा त्या वेळी पिटण्यात आला. त्यापैकी सुमारे ३६ हजार कोटी रुपये सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगसमूह आणि देणगीदार यांच्याकडून, येतील असे गृहीत धरलेले होते. ज्या रकमेचे श्रेय सरकारने घेतले, तिचा बहुतांश भाग सरकार देणारच नव्हते!

देशातील नामवंत विज्ञानसंस्था आणि संगणक उद्योगातील प्रचंड संपत्ती बंगळूर शहरात शेजारी शेजारी नांदतात. म्हणून देणगीचा हा मार्ग तेथे सर्वांत सहज वाटतो. परंतु याच शहरातील खगोलशास्त्राचा इतिहास नेमकी उलट साक्ष देतो.

पुण्यातील वेधशाळेचा धडा

बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था कोडाईकॅनाल येथील जुन्या वेधशाळेतून उदयाला आली. १९१२ साली त्या वेधशाळेत पुण्याहून एक दुर्बीण जाऊन पोहोचली. तिची कथा मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेत, कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. त्यांच्या खटपटीमुळे भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८८ साली वेधशाळा सुरू झाली. पुढे तेथे आलेली ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. १८९८ च्या जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करणारी तुकडी नायगमवालांनीच नेली.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळेला टाळे लागले. उपकरणे कोडाईकॅनालला रवाना झाली आणि ती मोठी दुर्बीण पुढे अनेक वर्षे वापराविना पडून राहिली. असे का घडले? दात्याने दुर्बीण दिली होती. परंतु नायगमवालांच्या पश्चात ती चालविणाऱ्याचे पद, दरसालची तरतूद आणि नव्या विद्यार्थ्यांची घडण यांची हमी कोणीच घेतली नव्हती. वसाहतवादी सरकारला पुण्याच्या विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञ बनविण्यात स्वारस्य नव्हते. एका राजाच्या औदार्यावर आणि एका माणसाच्या जिद्दीवर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबरच संपली.

हा दोष केवळ पारतंत्र्याचा होता असे मानणे चूक ठरेल. भांडवलशाहीच्या माहेरघरीही हेच दिसते. शिकागो विद्यापीठाला ट्रामगाड्यांचा धनाढ्य मालक चार्ल्स यर्क्स याने वेधशाळेसाठी पैसा दिला. लाचलुचपतीसाठी बदनाम झालेल्या या गृहस्थाला त्यातून प्रतिष्ठा हवी होती. १८९७ साली उघडलेल्या त्या वेधशाळेत ४० इंची भिंगाची, त्या प्रकारातील जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. तिने मोलाचे काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०१८ साली विद्यापीठाने तेथील काम थांबविले आणि २०२० साली वास्तू एका खाजगी प्रतिष्ठानाच्या हाती दिली. दात्याचे नाव इमारतीवर राहिले, विद्यापीठाची वेधशाळा मात्र राहिली नाही.

कावलूरची दुर्बीण कोणी घडविली?

आता दुसरी बाजू पाहावी. १९७१ साली कोडाईकॅनालच्या वेधशाळेचे स्वायत्त संस्थेत रूपांतर झाले आणि लवकरच तिचे मुख्यालय बंगळूरला आले. संचालक वेणू बाप्पू यांनी तामिळनाडूतील जवादी डोंगरात कावलूर येथे निरीक्षणाची जागा आधीच निवडली होती. तेथील एक मीटरची दुर्बीण १९७२ साली आली ती जर्मन लोकशाही प्रजासत्ताकातील येना येथील झाइस या सार्वजनिक मालकीच्या कारखान्यातून. त्याच वर्षी गुरूचा उपग्रह गॅनिमीड याच्याभोवती विरळ वातावरण असावे असे दर्शविणारी निरीक्षणे तिच्या साहाय्याने झाली. १९७७ साली युरेनसभोवतालच्या कड्यांच्या शोधातही तिचा वाटा होता.

परंतु बाप्पूंचे ध्येय मोठी दुर्बीण विकत आणण्याचे नव्हते. ती या देशात घडविण्याचे होते. २.३४ मीटर व्यासाच्या आरशासाठी काचेची तबकडी पश्चिम जर्मनीहून आली, हे खरे. मात्र तिला घासून, चकाकी देऊन अचूक आकार देण्याचे काम ए. पी. जयराजन यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या कार्यशाळेत झाले. दुर्बिणीचा अवजड यांत्रिक सांगाडा पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाला. बाप्पू १९८२ साली निधन पावले, तरी काम थांबले नाही. १९८५ च्या अखेरीस दुर्बिणीने पहिले निरीक्षण केले आणि ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिला वेणू बाप्पूंचे नाव देण्यात आले.

पुणे आणि कावलूर यांतील फरक येथे स्पष्ट होतो. पुण्यात प्राध्यापक निवृत्त होताच वेधशाळा मिटली. कावलूरला संचालकाचा मृत्यू होऊनही दुर्बीण उभी राहिली. कारण तिच्यामागे सार्वजनिक पैसा होता, कायम नोकरीतले तंत्रज्ञ होते, वर्षानुवर्षे हस्तगत केलेले कसब होते. वालचंदनगरचा कारखाना खाजगी होता, असे कोणी म्हणेल. परंतु त्याला हे काम मिळाले ते सार्वजनिक संस्थेच्या मागणीमुळे. नफ्याचे गणित मांडणाऱ्या कोणत्याही कंपनीने स्वतःहून अशी दुर्बीण बांधावयास घेतली नसती.

भुकेल्या देशाला दुर्बीण कशाला?

प्रतिगामी हा प्रश्न दांभिकपणे विचारतात. सामान्य श्रमिक तो प्रामाणिकपणे विचारतो. म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात पुल्कोवोची वेधशाळा जमीनदोस्त झाली. उद्ध्वस्त झालेल्या सोव्हिएत देशाला घरे हवी होती, धान्य हवे होते. तरीही ती वेधशाळा नव्याने बांधण्यात आली आणि १९५४ साली पुन्हा उघडली. पोट भरल्यावर ज्ञान, अशी पायरी श्रमिकांच्या राज्याने मानली नाही.

आपल्याकडे पैसा नाही, असेही नाही. २००१ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने विद्यापीठांतून फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी अनुदान देऊ केले. शास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला, तरी २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात २७ ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या ओळखून वेगळ्या करावयाच्या होत्या. उत्तरे बरोबर येण्याचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडविले असते तर याहून बरे जमले असते! आकाशाकडे पाहण्याच्या या दोन रीतींपैकी कोणतीला अनुदान द्यावयाचे, हा वर्गीय निर्णय आहे. दैवावर हवाला ठेवणारा मजूर मालकाला सोयीचा असतो. कार्यकारणभाव जाणणारा मजूर नसतो.

मोठ्या संस्था आणि उपाशी विद्यापीठे

तथापि कावलूरचा गौरव करून थांबणे पुरेसे नाही. केंद्रीय संस्थांना साधने मिळाली. ज्या राज्य विद्यापीठांत शेतकरी, कामगार आणि दलित यांची मुले शिकतात ती कोरडीच राहिली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९६८ साली जापाल-रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण कार्यान्वित केली. आशियातील मोठ्या दुर्बिणींत तिची गणना होत असे. पुढे देखभाल, मनुष्यबळ आणि निधी यांच्या अभावी तेथील निरीक्षण थंडावले. कर्नाटकात तर २०२५ साली मंत्रिमंडळाच्या उपसमितीने पैशाअभावी नऊ नवी विद्यापीठे बंद करण्याचीच शिफारस केली. तेथे सरकार भाजपचे नव्हते, काँग्रेसचे होते. झेंडा बदलला तरी विद्यापीठांबाबतची दृष्टी बदललेली नाही.

दुसरा मार्ग अशक्य नाही, हे पुण्याच्याच भूमीवर सिद्ध झाले. १९८८ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने स्थापन केलेल्या आयुका या आंतरविद्यापीठीय केंद्राने २००६ साली जुन्नरजवळ गिरवली येथे दोन मीटरची दुर्बीण उभारली. विद्यापीठांतील अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना तिच्यावर काम करता यावे, हाच तिचा हेतू. पुण्यातली वेधशाळा मिटल्यानंतर ९४ वर्षांनी हे घडले, आणि ते सार्वजनिक पैशातून घडले.

परंतु त्यानंतरची दिशा उलटी आहे. २०२०-२१ साली देशाने संशोधनावर केलेला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. चीनचा खर्च तेव्हा दोन टक्क्यांच्या वर गेलेला होता. २०२२ साली सार्वजनिक संशोधनसंस्थांनी घेतलेल्या वैज्ञानिक उपकरणांवरील वस्तू व सेवा कराची सवलत काढून तो ५ वरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. एका हाताने अनुदान द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याचा लचका तोडावयाचा, असा हा कारभार आहे.

परदेशी प्रकल्पांत भागीदारी घेतली की काम भागते, हाही भ्रमच. हवाई बेटावरील तीस मीटर दुर्बिणीत भारताने दहावा हिस्सा घेतला. २०१४ साली त्यासाठी सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर झाले. तिचे आरसे घासण्यासाठी बंगळूरजवळ होस्कोटे येथे उत्तम कार्यशाळा उभी राहिली. परंतु २०२५ साली अमेरिकी सरकारने आपल्या अंदाजपत्रकी प्रस्तावात या दुर्बिणीला पुढे नेण्याचे नाकारले. वॉशिंग्टनमध्ये लेखणी फिरते आणि बंगळूरच्या कारागिरांचे भवितव्य टांगणीला लागते!

मागणी काय असावी?

होस्कोटेच्या कार्यशाळेतील हेच कसब राज्य विद्यापीठांच्या कामी लावता येईल. त्यांच्या वेधशाळांसाठी मध्यम आकाराच्या दुर्बिणी देशातच घडवाव्यात आणि त्यांचा खर्च केंद्र व राज्य यांनी अंदाजपत्रकातून करावा. आरशावरील ॲल्युमिनियमचा मुलामा ठराविक काळाने नव्याने चढवावा लागतो, यंत्रे तेलपाणी मागतात, निरीक्षणासाठी माणूस रात्रभर जागतो. म्हणून दुर्बिणीबरोबर देखभालीची वार्षिक तरतूद आणि तंत्रज्ञांची कायम पदे मंजूर झालीच पाहिजेत. कंत्राटी कामगारांवर वेधशाळा चालत नाही. संशोधन उपकरणांवरील कराची सवलत पूर्ववत व्हावी. मोठ्या राष्ट्रीय दुर्बिणींवर राज्य विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी वेळ राखून ठेवावा. आणि प्रत्येक वेधशाळेचे दार महिन्यातून काही रात्री आसपासच्या वस्त्यांतील जनतेला, तिच्या भाषेत, खुले असावे.

दात्याने दिलेली देणगी विद्यापीठाने नाकारावी, असे नव्हे. परंतु तिच्यामुळे सरकारची जबाबदारी तसूभरही कमी होता कामा नये आणि संशोधनाची दिशा ठरविण्याचा अधिकार दात्याला मिळता कामा नये.

विद्यार्थी, अध्यापक व विद्यापीठ कर्मचारी यांच्या संघटनांनी आणि लोकविज्ञान चळवळीने कर्नाटकात, महाराष्ट्रात आणि इतर सर्व राज्यांत ही मागणी एकजुटीने पुढे रेटली पाहिजे. पक्षसभासदांनी ती कामगार वस्त्यांत आणि खेड्यांत समजावून सांगितली पाहिजे. करांच्या रूपाने विज्ञानाची किंमत श्रमिक मोजतच आहे. तो जेव्हा त्या दुर्बिणीवर आपला हक्क सांगेल, तेव्हा पुण्यातील वेधशाळेप्रमाणे तिला टाळे ठोकण्याची हिंमत कोणत्याही सरकारला होणार नाही.