चेहरा दारात, गल्ल्यावर कोण?

एखाद्या नटाने किंवा क्रिकेटपटूने स्वतःचं ऑनलाईन दुकान काढलं की दोन दिवसांत कौतुक सुरू होतं. काय फोटो, काय रंगसंगती, किती सुटसुटीत साईट! यात माझे व्यवसायबंधूच आघाडीवर (मीही साईट्सची डिझाईनं करूनच पोट भरतो). मला हे कौतुक आता ऐकवत नाही. घराची परीक्षा दिवाणखान्यावरून करायची नसते; आपल्या आज्या थेट मोरीत डोकावायच्या. दुकानालाही मोरी असते. पैसे भरायचं पान, आणि त्याच्या मागे लपवलेलं माल परत करायचं पान.

माझ्या भाचीने दिवाळीत तिच्या लाडक्या नटाच्या साईटवरून टी-शर्ट मागवला. नाव सांगत नाही. पहिल्या पानावर साहेबांचा स्क्रीनभर फोटो, टी-शर्टची किंमत १४९९. वर एक घड्याळ उलटं पळतंय, म्हणे ऑफर संपायला फक्त १५ मिनिटं. (पान बंद करून पुन्हा उघडलं की पुन्हा १५ मिनिटं!) मग पत्ता, मग फोन नंबर, मग ओटीपी. एवढं सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर घरपोच पाठवायचे १४९, 'सुविधा शुल्क' २९ (सुविधा नक्की कोणाची?) आणि नटाच्या आवडत्या समाजकार्याला ५०. त्या चौकोनात टिक आधीच केलेली. एकूण १७२७. पोरीने निमूट भरले.

मुद्दा इथेच आहे. ती गिऱ्हाईक म्हणून आलीच नव्हती, चाहती म्हणून आली होती. मंडईत वीस रुपयांच्या भाजीवर कोथिंबीर फुकट मागणारी आपण माणसं, पण आवडत्या माणसाच्या दुकानात हिशोब मागायला लाजतो. आणि हे त्या पानाचं डिझाईन करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. अनोळखी दुकानात ज्या पानावरून लोक परत फिरतील, तेच पान इथे चालून जातं, कारण वर चेहरा आहे.

टी-शर्ट आला तो ढगळ. परत करायचे नियम साईटच्या अगदी तळाशी, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत. पैसे परत नाहीत, फक्त त्याच दुकानात वापरायचं क्रेडिट. कुरियर आपणच करायचं, आपल्या खर्चाने. कुणी म्हणेल, नवीन दुकान आहे, चुका होतात. पण चुका असत्या तर एखादी तरी गिऱ्हाईकाच्या फायद्याची झाली असती की!

बरं, हे सगळं नुसतं वाईट दिसतं असंही नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आधीच टिक करून ठेवलेल्या चौकोनातून संमती घेता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या १३ क्लृप्त्यांची यादीच काढली. खोटी घाई, किंमत थेंबाथेंबाने उघड करणं, गिऱ्हाईकाला न विचारता कार्टमध्ये भर टाकणं, सगळं आहे त्यात. गुपचूप जोडलेली देणगीसुद्धा आहे.

यावर माझ्या मित्रमंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, "पण वापरायला सोपी आहे ना साईट?" सोपेपणाचंच बघायचं तर अमेरिकेतलं एक दुकान बघा. ११ फेब्रुवारी २०२४ ला सुपर बोलच्या सामन्यात कान्ये वेस्टची जाहिरात लागली. गाडीत बसून फोनवर काढलेली. पैसे सगळे जाहिरातीच्या वेळेतच संपले, साईटवर या, एवढाच मजकूर. साईटवर पांढरं पान, मोजके फोटो, प्रत्येक वस्तू २० डॉलर. साधेपणा म्हणून पहिल्या नंबरचं काम. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुन्हा तीच चाल. आणि जाहिरातीनंतर साईटवर उरली एकच वस्तू, नाझी स्वस्तिक छापलेला पांढरा टी-शर्ट (आपल्या उंबऱ्यावरचं नव्हे, हिटलरचं). किंमत २० डॉलर. शेवटी शॉपिफायने दुकानच उतरवलं. पान तेवढंच पांढरं होतं आणि बटण तेवढंच सोपं. आता द्या मार्क!

आमच्या नटमंडळींकडून मला फार काही नको. पूर्ण किंमत पहिल्या पानावर लिहा. ते घड्याळ काढा. घेताना जितकी बटणं दाबावी लागतात तितक्याच बटणांत परत करता येऊ द्या. आणि तो स्क्रीनभर फोटो एकदा परतीच्या पानावर लावून बघा, तिथे साहेबांना कसं वाटतं ते.

नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल. भाचीच्या मेलनंतर त्या दुकानाकडून पहिला मेल आला तो नवव्या दिवशी. नवीन कलेक्शन आलंय म्हणून. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, तक्रार नोंदवून ठेवली आहे.