वेगाची मर्यादा तोडू नका, फ्यूज वगळू नका!

नाशिककरांनो, बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरचा, ई-रिक्षाचा किंवा घरी जोडलेल्या ई-सायकलचा कंट्रोलर बदलायचा विचार असेल, तर सीट उचलण्याआधी हे वाचा. गाडी जास्त पळावी म्हणून बदलणार असाल, तर तो बेत आजच सोडा. जुना जळाला म्हणून बदलणार असाल, तर जरूर बदला. पण अंदाजाने, घाईत आणि फ्यूजशिवाय बदलू नका.

कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधला रखवालदार. एक्सलेटर पिळला की किती वीज सोडायची, ब्रेक दाबला की ती कधी तोडायची आणि बॅटरी रिकामी होत आली की कुठे थांबायचे, हे तो ठरवतो. आज हा डबा सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, ऑनलाइन मागवता येतो. ‘लिमिटची वायर काढून देतो, गाडी पळेल,’ असे सांगणारेही भेटतात. गाडी पळते, हे खरेच. पण वाढीव वीज येते त्याच बॅटरीतून आणि त्याच बारीक वायरींतून. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? ताकदीपेक्षा जास्त प्रवाह ओढला की बॅटरी तापते, आणि तारेतला प्रवाह दुप्पट झाला की तिची उष्णता चौपट होते. कनेक्टर वितळण्याची सुरुवात इथे होते.

आग किती झपाट्याने पसरते, हे या शहराने पाहिले आहे. ९ एप्रिल २०२२ रोजी पाथर्डी फाट्याजवळ एका कंटेनरमध्ये ४० नव्या इलेक्ट्रिक स्कूटर होत्या; त्यांतल्या २० जळाल्या. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. या दुर्घटनांचे खापर कंट्रोलरवर फोडायचे नाही. सांगायचे ते एवढेच, की कोणा मिस्त्रीचा हात न लागलेल्या नव्या गाड्याही पेट घेऊ शकतात. मग पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडांवर आणि बायपास केलेल्या बीएमएसवर (बॅटरीच्या संरक्षण यंत्रणेवर) आपण कोणत्या भरवशावर बसतो?

वेग वाढवणाऱ्यांनी कायद्याचाही हिशेब करावा. ज्या ई-बाइकला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, तिच्या मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो. शिवाय ते मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेले असावे लागते. आता ६० व्होल्टच्या बॅटरीवर ३० अँपिअरचा कंट्रोलर लावा: गुणाकार होतो १,८०० वॉट. मर्यादा ओलांडली, की ती गाडी कायद्याच्या नजरेत मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळे लागू होते. परवानगीशिवाय असा फेरफार करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तालयाने अशा गाड्यांवर कारवाईचे आदेश आरटीओंना दिले होते. क्लासला जाणाऱ्या मुलाच्या हाती ‘लायसन्स नको’ म्हणून दिलेली गाडी लिमिट काढून पळत असेल, तर जबाबदारी पालकांवरही येते: अल्पवयीनाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगते.

कंट्रोलर खरोखरच जळाला असेल, तर बदलताना एवढे पाळा:

१. लेबल जुळवा. नव्या कंट्रोलरचे व्होल्टेज, अँपिअर आणि वॉट जुन्याइतकेच हवेत. ‘थोडा मोठा चालतो’ हे ऐकू नका. लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरल्यावर वीज तोडायचा आकडाही पाहा. चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या संचाला तो साधारण ४२ व्होल्ट असतो. लिथियमचा आकडा वेगळा असतो, तो बॅटरी बनवणाऱ्याने दिलेलाच घ्या.

२. किल्ली काढली म्हणजे वीज बंद झाली, असे समजू नका. बहुतेक गाड्यांत किल्ली फक्त बारीक वायरीतून इशारा देते. जाड वायर जिवंतच असते. आधी एमसीबी पाडा, बॅटरीचा कनेक्टर सोडा आणि काही मिनिटे थांबा. कंट्रोलरमधले कपॅसिटर वीज धरून ठेवतात. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा.

३. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून शक्य तितक्या जवळ हवा. त्याचे अँपिअर कंट्रोलरच्या कमाल प्रवाहाहून किंचित जास्त आणि वायरीच्या क्षमतेहून कमी ठेवा. फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. घरच्या एसी लाइनचा एमसीबी इथे चालत नाही. डीसी प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही, म्हणून डीसीसाठीचाच एमसीबी घ्या.

४. वायर तांब्याची आणि पुरेशी जाड हवी. ३० अँपिअरला किमान ६ चौरस मिलिमीटरची. जोडाला थिंबल दाबून लावा, वर हीट-श्रिंक चढवा. नुसता पीळ आणि काळा टेप नको.

५. बॅटरी सर्वांत शेवटी जोडा. आधी मोटरच्या तीन जाड वायरी, हॉल सेन्सर, एक्सलेटर आणि ब्रेकच्या वायरी. रंग जुळले म्हणून जोडणी बरोबर, असे नाही. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. कनेक्शनचा कागद पाहा, मल्टिमीटर वापरा.

६. पहिली चाचणी चाक अधांतरी ठेवूनच करा. गाडी मेन स्टँडवर, आसपास कोणी नाही, एक्सलेटर शून्यावर. मोटर धक्के देत फिरली किंवा गुरगुरली, तर लगेच बंद करा. ब्रेक दाबताच वीज तुटलीच पाहिजे. आणि एक्सलेटरच्या काळ्या वायरीचा जोड दोनदा तपासा: ती सुटली तर कंट्रोलरकडे ‘पूर्ण वेग’ असा चुकीचा इशारा जाऊन गाडी आपोआप सुसाट सुटू शकते.

७. कंट्रोलर धातूच्या पट्टीला घट्ट बसवा आणि त्याला हवा लागू द्या. सीटखाली रेनकोट आणि फडकी कोंबून तो गुदमरवू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. पावसाळ्यासाठी वायरींची तोंडे खाली वळवा आणि प्रेशरच्या पाण्याचा फवारा त्या भागावर मारू नका.

ई-रिक्षाचालक बांधवांनो, तुमच्या गाडीची वेगमर्यादाही ताशी २५ किलोमीटरच आहे; चार प्रवासी आणि ४० किलो सामान, एवढाच तिचा भार. २०२७ च्या सिंहस्थ स्नानांना रामकुंड, तपोवनाकडे जाणारी गर्दी वाढेल, फेऱ्या वाढतील, आणि ‘जरा पळती करून घ्या’ असा सल्लाही मिळेल. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव तुमच्या ब्रेकवर आहे, आणि ते ब्रेक २५ च्या वेगासाठीच बसवलेले आहेत.

निफाड-दिंडोरीच्या शेतकरी मित्रांनो, द्राक्षबागेत वापरायला कोळपे किंवा गाडा मोटरवर करून घेत असाल, तर मुठीवर असे बटण बसवा की हात सुटताच मोटर थांबेल. जवळच हाताशी एक लाल बंद-स्विचही ठेवा. पाते फिरत असताना कंट्रोलर शोधत बसायला वेळ नसतो.

सिडको, सातपूर, इंदिरानगरच्या सोसायट्यांनी पार्किंगचा नियम आजच करावा: जिन्याखाली आणि बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नाही. तिथे आग लागली, तर वरच्या सगळ्यांची वाट बंद होते. रात्रभर गाडी चार्जिंगला लावून झोपू नका, एक्स्टेन्शनच्या लोंबत्या बोर्डावर लावू नका, बॅटरीशी जुळणाराच चार्जर वापरा. बॅटरी फुगली, शिसारी आणणारा गोड किंवा उग्र वास आला, फुसफुस आवाज आला, तर गाडी वाचवायला जाऊ नका. माणसे बाहेर काढा, शक्य असेल तर मेन स्विच पाडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ लावा. लिथियमचा धूर विषारी असतो आणि विझलेली वाटणारी बॅटरी पुन्हा पेटते.

मिस्त्री आणि दुकानदार मंडळी, सर्वांत मोठी विनंती तुम्हाला. गिऱ्हाईक अडून बसले, तरी लिमिट काढून देऊ नका आणि बीएमएस बायपास करू नका. बिलावर कंट्रोलरचे व्होल्ट, अँपिअर आणि फ्यूजचा आकडा लिहा. फ्यूजशिवाय गाडी दुकानाबाहेर पाठवायची नाही, असा दंडक ठेवा. नाही म्हणणारा मिस्त्री एखादे गिऱ्हाईक गमावतो; पण ‘त्याच्याकडची जोडणी पक्की’ ही ओळख पुढची दहा गिऱ्हाइके आणते.

ज्यांच्या गाडीचा कंट्रोलर आधीच बदललेला आहे, त्यांनी हा आठवडा उलटू देऊ नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे तीन गोष्टी दाखवा: फ्यूज आहे का, जोड तापतात का, लिमिट काढलेली आहे का. काढलेली असेल तर परत बसवून घ्या, आणि तोवर ती गाडी चार्जिंगला घरात लावू नका.