अर्ध्यावरची पदवी आणि उद्योगांचे दायित्व

वडिलांचे अकाली निधन, शेतीवरचे कर्ज, मुलीचे लवकर ठरलेले लग्न किंवा हाती आलेली नोकरी. पदवीचे शिक्षण अर्ध्यावर सुटण्याची कारणे आपल्याकडे बहुधा अशीच असतात. त्यात बुद्धीचा दोष क्वचितच असतो. तरीही पदवीची दोन वर्षे उत्तीर्ण झालेला तरुण आणि महाविद्यालयाची पायरीही न चढलेला तरुण व्यवस्थेच्या लेखी आजवर सारखेच होते. दोघांचीही नोंद ‘बारावी उत्तीर्ण’ अशीच!

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने हा अन्याय दूर करण्याची दिशा दाखविली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि पुढे पदवी, अशी सोडण्याची व पुन्हा परतण्याची मुभा मान्य झाली. २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक अस्तित्वात आली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना वापरता येतात. मात्र किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. त्याच वर्षी ‘स्वयं’वरील अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची वाट खुली झाली. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या तोडीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय होय.

परंतु या बँकेत २०२१-२२ पासूनचेच श्रेयांक ग्राह्य धरले जातात आणि त्यांची मुदतही साधारणतः कमाल सात वर्षांची आहे. म्हणजे ज्याने वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षातून शिक्षण सोडले, त्या आजच्या चाळिशीतल्या कारकुनाच्या वा पर्यवेक्षकाच्या हाती या बँकेतून काहीच पडत नाही. त्यांच्या जुन्या गुणपत्रिकांचे रीतसर मूल्यमापन करून सवलत देण्याची व्यवस्था विद्यापीठांनी उभारली पाहिजे.

दुसरा प्रश्न शुल्काचा. अमेरिकेने १९७८ मध्ये प्राप्तिकर कायद्यात अशी तरतूद केली की, मालकाने कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न धरली जाऊ नये. ही मर्यादा दीर्घकाळ वर्षाला ५,२५० डॉलर राहिली आणि २०१३ च्या आरंभी ही तरतूद कायमची झाली. २०१४ मध्ये स्टारबक्स या कॉफी विकणाऱ्या कंपनीने अॅरिझोना स्टेट विद्यापीठाशी करार करून आपल्या कर्मचाऱ्यांना ऑनलाइन पदवीचा मार्ग खुला केला.

अमेरिकेचे सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. तेथेही अनेक ठिकाणी कर्मचाऱ्याने शुल्क आधी खिशातून भरायचे आणि उत्तीर्ण झाल्यावर परत मिळवायचे, अशी रीत आहे. ज्याच्याकडे आधी भरायला पैसेच नाहीत, त्याच्यासाठी ती सवलत कागदावरच राहते. नोकरी सोडल्यास रक्कम परत करण्याच्या अटीही जाचक ठरू शकतात.

महाराष्ट्राला श्रम आणि शिक्षण यांचा मेळ नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने गरीब मुलांच्या पिढ्या उभ्या केल्या. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरापर्यंत शिक्षण पोहोचवीत आहे. आता पाळी आहे ती साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था आणि लघुउद्योजकांची. आपल्याकडील किती कर्मचाऱ्यांची पदवी अर्ध्यावर राहिली आहे, याची साधी यादी त्यांनी करावी. शुल्काचा वाटा थेट विद्यापीठाकडे भरावा आणि परीक्षेच्या काळात रजा द्यावी.

कार्यकर्त्यांनीही आपल्या वस्तीत अशा व्यक्ती शोधून त्यांना माहिती द्यावी. प्रवेशापूर्वी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठाचे व अभ्यासक्रमाचे नाव पाहून घेण्यासही सांगावे, कारण जाहिरातींना भुलून कष्टाचा पैसा गमावण्याचा धोका आहेच. आणि २०२१ नंतर ज्यांचे शिक्षण सुटले, त्यांना हे आजच सांगावे. त्यांच्या श्रेयांकांची सात वर्षे मोजली जात आहेत.